आधी पाणी, मग हातमोजे

सरकारी दवाखान्यातल्या कात्र्या बोथट होतात त्या पट्ट्या कापून नव्हे, फिती कापून. आमच्या धाराशिव जिल्ह्यात प्रथमोपचाराचं कुठलंही शिबिर असो, सभागृहाच्या दारात लाल फीत बांधलेली असते. पाहुण्यांच्या हाती द्यायची कात्री आणायला मात्र कुणीतरी विसरलेलं असतं. मग सगळ्यांच्या नजरा माझ्या पेटीकडे वळतात. मी वाफेवर निर्जंतुक करून कापडात गुंडाळून आणलेली कात्री हळदी-कुंकवाच्या ताटात जाते. पाहुणे फीत कापतात, फोटो नीट आला नाही म्हणून उरलेला तुकडा पुन्हा कापतात, आणि कुंकू लागलेली कात्री माझ्याकडे परत येते. त्यानंतर मी व्यासपीठावर उभा राहून ‘जखमेला स्वच्छ साहित्यच वापरावे’ या विषयावर तासभर बोलतो.

एका ठिकाणी तर नव्या प्रथमोपचार पेटीवरच नारळ फोडला. पाणी झाकणाच्या फटीतून आतल्या कापसात मुरलं. खोबरं सगळ्यांना वाटलं, कापूस कुणी पाहिला नाही. पेटीला हार घालून ती साहेबांच्या खुर्चीमागे ठेवली. पूजेची वस्तू म्हणून पुढं ती कुणी उघडेना. एका शिपायाचं बोट दारात चेंगरलं, तेव्हा तो पेटीला नमस्कार करून समोरच्या पानटपरीवर गेला आणि बोटाला चुना लावून आला.

मी ड्रेसर होतो. डॉक्टर जखम तपासतात, गरज पडली तर शिवतात. त्यानंतर ती रोज उघडणारा, धुणारा, पुन्हा बांधणारा माणूस म्हणजे ड्रेसर. जखम पहिल्या दिवशी डॉक्टरांची असते, पुढचा महिना आमची. माझी निम्मी नोकरी उमरग्याला हमरस्त्याकाठी गेली, जिथं ट्रक आणि माणसं यांची गाठ वारंवार पडते. उरलेली मुरुमच्या बाजूला, माझ्याच गावाजवळच्या एका आरोग्य केंद्रात. निवृत्तीनंतर शिक्षकांना, अंगणवाडीच्या ताईंना, बसचालकांना प्रथमोपचार शिकवत फिरलो. एवढ्या वर्षांत मी लोकांना खरं तर एकच गोष्ट सांगितली, की जखमी माणसाला मदत करताना आपलं त्याला देऊ नका आणि त्याचं आपल्याला घेऊ नका. हे वाक्य दानधर्माच्या विरोधात जातं, पण जंतूंच्या बाबतीत तेच खरं.

ऐकायला सोपं वाटतं. करायला घेतलं की पहिल्यांदा आडवा येतो तो खांद्यावरचा टॉवेल.

आमच्याकडे पुरुषाच्या खांद्यावर टॉवेल असतोच. शिबिरात मी हात धुवायला शिकवायचो. साबण लावून तळवे, हाताच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, सगळं मन लावून चोळायचं. मंडळी तसंच करायची. इतकं सुंदर की मला भरून यायचं. आणि मग वळून तेच हात खांद्यावरच्या टॉवेलला पुसायची.

एका बसचालकाला मी जागीच पकडलं.

“टावेल सकाळीच धुतलाय सायेब,” तो म्हणाला.

“सकाळपासून काय काय पुसलं त्यानं?”

तो प्रामाणिक माणूस. आठवून सांगू लागला. “तोंड पुसलं. समोरची काच पुसली. मधी एक लेकरू वकलं, ती सीट पुसली. अन् मगाशी जेवणाचा डबा.”

“मग आता जखम तेवढी राहिली म्हणायची.”

सगळे हसले, तोही हसला. आणि हसताना कपाळावर घाम आला म्हणून तो त्यानं टॉवेलनं पुसला.

दुसरी अडचण जखमेत भरलेल्या ऐवजाची. हळद, चुना, चहाची पत्ती, तंबाखू, जाळलेल्या चिंधीची राख. अलीकडे टूथपेस्टही असते, त्यावरून सुधारणा खेड्यापर्यंत पोहोचली हे कळतं. पट्टी सोडली की आधी मी स्वयंपाकघर उकरायचो, मग जखम सापडायची. वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, धुतलेल्या फडक्यानं दाबून धरा, झाका आणि दवाखान्यात या, एवढंच मी सांगायचो. पण काही न लावता जखम घेऊन येणं म्हणजे माणसाकडं दुर्लक्ष केल्यासारखं वाटतं लोकांना. माया दिसायला हवी. ती पिवळी असली तर आणखी चांगली.

हातमोजे आमच्याकडे उशिरा आले. मी नोकरीला लागलो तेव्हा ते फक्त शस्त्रक्रियेच्या खोलीत, कुलपाच्या कपाटात असत. ड्रेसरनं आपल्या बोटाला चीर असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावावी आणि कामाला लागावं, एवढीच खबरदारी. पुढं एड्सची भीती पसरली आणि एक दिवस आम्हालाही रबरी मोजे मिळाले. तेव्हा ते वापरून फेकायचे नसत. धुवायचे, वाळवायचे, पावडर लावून वाफेच्या डब्यात घालायचे. दवाखान्यामागच्या दोरीवर पांढरे पंजे ओळीनं लटकलेले असायचे. वारा सुटला की सगळे मिळून रस्त्यानं जाणाऱ्यांना निरोप द्यायचे. मला त्या दोरीची अजून आठवण येते. वाफेच्या डब्याची शिट्टी, गरम कापडाचा वास, कंपाउंडरच्या रेडिओवरच्या बातम्या, आणि खिडकीत वाचनालयातून आणलेलं पुस्तक, ज्याच्या पानांना माझ्यामुळं कायम औषधाचा वास यायचा. ग्रंथपाल पुस्तक परत घेताना नाक मुरडायचे. मी म्हणायचो, “निदान निर्जंतुक तरी आहे.”

मोजे घालून मी पहिल्यांदा टेबलापाशी गेलो, तेव्हा समोरच्या म्हाताऱ्यानं हात मागं घेतला. “मला काय झालंय?” त्यानं विचारलं. पुढच्या बाईनं विचारलं, “म्या काय महारोगी हाय व्हय?” मला वाटलं, नवी गोष्ट आहे, होईल सवय. मोज्यांचा अर्थ मला तोवर पुस्तकातला माहीत होता. दुसरा अर्थ चंदरामायनं सांगितला.

चंदरामाय आमच्या गावची सुईण. तिची वस्ती ओढ्यापलीकडं. गावात कुणाच्याही घरी बाळंतीण अडली की ओढ्याच्या काठावरून हाक जायची आणि ती यायची. त्या वेळी तिला थेट माजघरापर्यंत वाट मोकळी असे. बाराव्या दिवसापर्यंत ती बाळंतिणीला शेकायची, बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची. बाराव्या दिवशी घर सारवलं जायचं, सगळ्यांच्या अंघोळी व्हायच्या, आणि ती पुन्हा अंगणाच्या बाहेर. तिचं धान्य, तिचं लुगडं तिला लांबून मिळायचं. मलाही तिनंच जगात आणलं. गावातल्या माझ्या वयाच्या जवळजवळ सगळ्यांना तिनंच आणलं, आणि पुढं सगळे तिच्यापासून चार हात लांब राहून मोठे झाले.

ती माझ्याकडे आली ती सुनेच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत. बाभळीचं सरपण फोडताना कुऱ्हाड निसटून पायावर आली होती. तिनं जखमेत चुना आणि तंबाखू भरून वर जुन्या लुगड्याची चिंधी आवळली होती आणि तशीच काही दिवस हिंडली होती. चिंधी भिजवून सोडवताना वास आला तेव्हाच मला कळलं. पाऊल सुजून चकचकीत झालं होतं, करंगळी काळवंडली होती. डॉक्टर वाकून बघून गेले. तरुण होते, शहाणे होते, बोलायचे कमी. मला बाजूला घेऊन म्हणाले, “रोज साफ करावं लागेल. काळेपणा वर चढला तर सोलापूरला पाठवू, मग पाय राहील असं नाही.”

मी हात धुतले, झटकून वाळवले, मोजे चढवले आणि तिच्या पायाशी बसलो.

तिनं पाय ओढून घेतला.

“ते काढ.”

“माय, हे सगळ्यांनाच घालतो आता. नियम आलाय.”

“नियम?” ती हसली. दात थोडे राहिले होते, पण हसू धारदार. “नियम मला शिकवतोस व्हय रं दत्तू? तुझ्या आईच्या पोटातून तुला काढलं तवा कोपरापतुर रगतात व्हते म्या. तवा मोजे व्हते का माझ्या हातात? तवा न्हाय कुणी म्हणलं, थांब गं, आधी हात झाकून घे. आता तुला माझा विटाळ व्हतोय?”

“तसं न्हाई, माय. तुमी ऐकून तर घ्या.”

“तुमी!” ती सुनेकडे वळली. “बघ, तोंडानं तुमी म्हणतंय, अन् हाताला पिशवी बांधतंय. चल गं.”

आणि ती निघाली. जखम उघडी, भिजलेली चिंधी सुनेच्या हातात. डॉक्टर धावत आले, रागावले, समजावलं. ती थांबली नाही. तिला धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं आधीच दिलं होतं, ते माझं नशीब.

त्या दिवशी उरलेल्या पट्ट्या मी बांधल्या, पण डोकं तिकडंच. मोजे न घालता पट्टी करता आली असती. काय बिघडलं असतं? बिघडलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर मी पंचवीस प्रकारच्या पुवात हात घालायचो, आणि माझ्या नखाच्या कडेला चीर होती. तिच्या पायाला नवीन जंतूंची गरज नव्हती, आणि माझ्या बोटाला जुन्यांची. पण हे सगळं खरं असूनही ती म्हणत होती तेही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या की पुस्तक काही उपयोगाचं नसतं.

ऊन उतरल्यावर पेटी सायकलला बांधली आणि ओढा ओलांडला.

ती दाराशी खाटेवर पाय लांब करून बसली होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असावं, पण तिनं ते दाखवलं नाही. “बस,” म्हणाली. मी खाटेच्या कडेला बसलो.

“माय, पाणी द्या.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. सुनेला खूण केली. सुनेनं जर्मनचा गिलास घासून, भरून आणला. आमच्याकडे परक्या घरचं पाणी वरून प्यायची रीत. गिलास ओठांच्या वर धरायचा आणि धार सोडायची. हात सवयीनं वर गेला. चंदरामायचे डोळे गिलासाबरोबर वर गेले. तिथंच मला समजलं की या धारेचा आणि माझ्या मोज्यांचा अर्थ तिच्या लेखी एकच. मी हात खाली आणला, गिलासाला तोंड लावलं आणि सगळं पाणी प्यालो. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीनं वरून पिणंच बरोबर. पण त्या संध्याकाळी मी आरोग्य खात्याचा माणूस म्हणून पाणी मागितलं नव्हतं.

“आता सांग,” ती म्हणाली.

मी सांगितलं. डोळ्यांना दिसत नाहीत असे किडे असतात, ते रक्तातून, पुवातून एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात. माझ्या हाताचे तुमच्या पायात जाऊ नयेत, तुमच्या पायातले माझ्या चिरेतून मला होऊ नयेत. मोजे दोघांसाठी. कलेक्टर आला तरी मी हेच घालणार. पुढं शिबिरांत सांगू लागलो तसंच सांगितलं, फक्त फीत नव्हती.

तिनं जखमेवरची माशी हाकलली. मग म्हणाली, “म्हंजी हातातून बी जातात ते किडे.”

“जातात.”

“अन् म्या तर सगळी बाळंतपणं उघड्या हातानं केली. नाळ इळ्यानं कापली. वर राख दाबली.” तिचा आवाज खाली आला. “काही लेकरं आठव्या-धाव्या दिवशी आकडून जायची. दूध वढायची न्हाईत. सटवी बाधली म्हणायचे लोक. ते माझ्या हातानं झालं व्हय रं, दत्तू?”

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. उत्तर मला माहीत होतं. नवजात बाळाचा धनुर्वात कशानं होतो, हे दवाखान्याच्या भिंतीवर चित्रासकट लावलेलं होतं. त्या चित्रात एक विळा होता.

“माय, तो विळा कुणाचा असायचा?”

“जिच्या घरी बाळंतीण, तिच्या घरचा. माझा इळा कोण घेऊ देणार?”

“गवत कापायचा?”

“व्हय. त्योच.”

“तुमाला कुणी साबण दिला? विळा उकळून घे म्हणून कुणी सांगितलं? रात्री-अपरात्री हाक मारून न्यायचे, कुणी शिकवलं का काही?”

“न्हाय.”

“मग?”

तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले. “पर हात माझेच व्हते,” ती म्हणाली.

‘मी जगलो की,’ असं काहीतरी मी पुटपुटलो. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं पाय माझ्यापुढं केला.

“घाल तुझे मोजे.”

त्यानंतर मी रोज संध्याकाळी ओढा ओलांडत होतो. आधी पाणी, मग हात धुणं, मग मोजे, मग पाय. मेलेली कातडी चिमट्यानं उचलायची, मिठाच्या पाण्यानं धुवायचं, जाळीची पट्टी ठेवायची. कापूस थेट जखमेवर कधीच नाही, त्याचे तंतू आत चिकटतात. उतरवलेली पट्टी कागदात गुंडाळून वेगळी ठेवायची आणि दवाखान्यामागच्या खड्ड्यात नेऊन जाळायची. मोजे काढताना मनगटाकडून उलटे करत काढायचे, म्हणजे घाण आत राहते. आणि ते काढल्यावर पुन्हा हात धुवायचे. सून हे सगळं बघायची. पट्टी धुऊन पुन्हा वापरू या का, असं तिनं एकदा विचारलं. चंदरामायच तिच्यावर ओरडली, “किडे हायत त्यात! डोळ्याला दिसतील का तुझ्या?”

थंडीचे दिवस होते. तिच्या रांजणातलं पाणी असं गार, की हात धुतल्यावर बोटं बधिर व्हायची.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. चुलत्यांनी मला पारावर गाठलं. “काय दत्तोबा, सरकार पगार देतं, पाणी देत न्हाय वाटतं?”

“देतं की,” मी म्हणालो. “पण ओढ्यापलीकडचं गोड लागतं. तुमीबी चला एकदा.” चुलते आले नाहीत, पण त्या विषयावर पुन्हा बोललेही नाहीत.

करंगळी गेली. डॉक्टरांनी स्वतः येऊन ती काढली, आणि पाणी मागून घेतलं, मी न सांगता. त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. पावलाच्या कडेला काळपट रेघ दिसायची आणि मी रोज ती कालच्यापेक्षा वर आहे का बघायचो. चंदरामाय पायाकडे बघत नसे, माझ्या तोंडाकडे बघत असे. “सोलापूरला न्यायचं असंल तर आधी सांग,” ती एकदा म्हणाली. “पाय गेल्यावर मला कोण हाक मारंल? हाक मारली तर म्या जाऊ कशी?” वस्तीतल्या बाळंतिणी तोवर दवाखान्यात जाऊ लागल्या होत्या, पण घरी आल्यावर बाळाला न्हाऊ-माखू घालायला ती लागायचीच. तेवढंच तिचं काम उरलं होतं आणि ते पायांवर होतं.

रेघ थांबली. मग फिकी झाली. मग कडेनं गुलाबी, ओली, नवी कातडी आत सरकू लागली. ड्रेसरच्या धंद्यात यापेक्षा सुंदर रंग नाही. मला सूर्यास्तांचं फारसं कौतुक वाटलं नाही ते यामुळंच असावं.

पुढं मी शिबिरांत हे शिकवू लागलो. रक्त वाहत असेल तर वेळ घालवू नका, मोजे नसतील तर स्वच्छ पिशवी हाताला गुंडाळा आणि दाबून धरा. पण वेळ असेल, माणूस शुद्धीवर असेल, तर आधी धुतलेला उघडा हात त्याच्या खांद्यावर ठेवा. नाव विचारा. मोजे का घालतोय ते सांगा आणि मग घाला. कुठल्याही सरकारी पुस्तिकेत ही पायरी नाही. एका पाहुण्यानं भाषणात तिचं कौतुक केलं, ‘संवेदनशील प्रतिबंध’ असं काहीतरी नाव दिलं आणि मला शाल दिली. शाल मी जपून ठेवली आहे. पट्ट्यांच्या कामाची नाही, तंतू फार सुटतात.

चंदरामायच्या पट्टीच्या शेवटच्या दिवशी मात्र मी ओढा ओलांडला नाही. ती स्वतः चालत दवाखान्यात आली. सून मागून, रिकाम्या खांद्यानं. दारात थांबून तिनं दोन पावलं उगाच जोरात आपटून दाखवली.

ती बाकावर बसली. मी हात धुतले आणि पट्टी सोडली. आत झाकायला काही नव्हतं, कोरडी, बंद झालेली कातडी. सवयीनं हात मोज्यांकडे गेला आणि मधेच थांबला.

“आज मोजे न्हाईत?” तिनं विचारलं.

“जखमच न्हाई राहिली, माय. मोजे कशाला?”

मी तिचं पाऊल उघड्या हातात घेतलं, कुठं ऊब, कुठं सूज राहिली का ते दाबून बघायला. ती दचकली.

“बरफावानी हायत तुझे हात!”

“टाकीचं पाणी गार आहे.”

“पाण्याचं न्हाय ते,” ती म्हणाली. आणि वाकून माझा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला. “जलमलास तवा बी असाच व्हतास. निळा, गारठलेला, आवाज न्हाय. तुझी आजी म्हणली, गेलं हे. म्या छातीशी धरून ह्याच हातांनी चोळत बसले. चोळून चोळून ऊब आणली, तवा कुठं रडलास.”

तिचे हात खरखरीत आणि गरम होते. ती माझी बोटं चोळत राहिली. कंपाउंडर दारातून डोकावून गेला. बाहेर दोरीवरचे मोजे वाऱ्यावर हलत होते.

मग तिनं हात सोडला. “जा, धू जा हात आता,” ती म्हणाली. “नियम हाय न्हवं?”

नियम आहे. मी हात धुतले. पण लगेच नाही.